आधी ओळख, मग जीर्णोद्धार

आपल्या शहराला जुन्या मोटारींचा षोक नवा नाही. चौमहल्ल्यातली निजामाची १९१२ सालची रोल्स-रॉइस लोक डोळे भरून पाहतात. परिवहन महामंडळाने १९३२ सालची आल्बियन बस राखून ठेवली आहे, तिच्याजवळ आजोबा नातवंडांना घेऊन उभे राहतात. ही हौस राजवाड्यांतून गल्लीबोळांत उतरली आणि आता एखादी लष्करी मालमोटारही कबाड्याच्या हातून सुटून हौशी माणसाच्या दारी येते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या कामात एक क्रम उलटा पडत चालला आहे आणि तेवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. गाडी कोण, कुठली, हे विचारण्याआधीच तिला रंग चढतो.

मलकपेठेत माझ्या शिकवणीच्या वाटेवर पत्र्याच्या शेडखाली अशी एक लॉरी उभी आहे. मालक दिलदार, खिशाला चाट लावून त्यांनी ती भंगारातून सोडवली. ते तिला अमेरिकन म्हणतात. शेजारचे वयोवृद्ध गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगतात की ती निजामाच्या फौजेतली आहे. मालकांच्या चिरंजीवांच्या मते ती १९४८ साली हिंदी सैन्याबरोबर सोलापूरच्या रस्त्याने आली. कथा तीन झाल्या, पुरावा एकीलाही नाही. मेकॅनिकला या वादाशी कर्तव्य नाही. तो म्हणतो, "पहले घिसको रंग मार देंगे मास्टरसाब, नाम-गाँव बाद में देख लेंगे." त्याच्या या एका वाक्यात सगळा धोका भरला आहे, कारण घासल्यावर नाव-गाव उरतच नाही.

संगीतशिक्षकाने मोटारीच्या कामात का पडावे, असे कोणी विचारील. माझे वडील दरबारी गवयांच्या अखेरच्या पिढीतले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. कोणी एखादी जुनी चीज घेऊन आला आणि ती 'नीट बसवून' मागू लागला, की ते आधी तीन प्रश्न करीत. ही कोणाकडून मिळाली? अंतरा मूळचा की मागाहून जोडलेला? आणि शेवटी जी मुद्रा येते ती रचणाऱ्याचीच, की कोणा शिष्याने प्रेमापोटी घातलेली? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ते एका स्वरालाही हात लावीत नसत. लोखंडाच्या वस्तूलाही हीच शिस्त लागते, असे माझे मत आहे.

आता शेडमधल्या त्या लॉरीकडे जरा बारकाईने पाहा. नाक बसके, बॉनेट आखूड, समोरची काच वरून पुढे झुकलेली, म्हणजे नेहमीच्या उलट कललेली. सुकाणू उजवीकडे. अमेरिकन सैन्याच्या गाड्यांचे सुकाणू डावीकडे असे, म्हणून पहिली कथा इथेच डळमळू लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी कॅनडाने ठरावीक नमुन्याच्या लष्करी गाड्या बनवल्या, त्या घराण्याची ही चेहरेपट्टी आहे. ओशावा येथे जनरल मोटर्स शेव्हरोले बनवी आणि विंडसर येथे फोर्ड. दोघांचा नमुना मात्र एकच. या नमुन्याच्या सुमारे चार लाख गाड्या त्या देशाने तयार केल्या. नाक बसके ठेवण्याचे कारण असे, की गाडीची लांबी न वाढवता मालाला जागा जास्त मिळावी आणि जहाजात गाड्या जास्त मावाव्यात. काच उलटी कलवली, ती उन्हात चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. ही उलट्या काचेची केबिन १९४१ च्या अखेरीपासून युद्ध संपेपर्यंत बनत होती; त्याआधीच्या केबिनांची काच सरळ असे. म्हणजे नुसत्या काचेवरून गाडीचे वय चार वर्षांच्या आत येते.

फोर्ड की शेव्हरोले, हे पुढच्या जाळीवरून कळते. शेव्हरोलेच्या जाळीची घरे तिरपी, शंकरपाळ्यासारखी. फोर्डची सरळ चौकोनी. शेव्हरोलेचे इंजिन एका ओळीत सहा सिलिंडरांचे, फोर्डचे आठ सिलिंडरांचे, दोन ओळींत उघडलेल्या कात्रीसारखे. परंतु इंजिनावर फार भरवसा ठेवू नये. पेट्रोलचे मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवण्याची चाल आपल्याकडे सर्रास होती, आणि जाळी तर एका गाडीची काढून दुसरीला लावता येते. खोटे बोलायला सगळ्यांत कठीण अंग म्हणजे चॅसी. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर साध्या टेपाने मोजावे. ते १०१ इंच भरले, तर ती १५ हंड्रेडवेट, म्हणजे साडेसातशे किलोंच्या आसपास ओझे वाहणाऱ्या जातीची. १५८ इंच भरले तर तीन टनी लांब जातीची. मग चॅसीवर ठोकलेला आकडा आणि केबिनमधल्या धातूच्या पट्टीवरचा आकडा ताडून पाहावा. पट्टीवर 'सी' असेल तर शेव्हरोले, 'एफ' असेल तर फोर्ड. पुढचा आकडा ओझ्याचा. आणि १५ पुढे 'ए' असेल तर चारही चाकांना जोर देणारी. ही पट्टी म्हणजे चिजेतली मुद्राच. तीही परक्या गाडीची आणून बसवलेली असू शकते; म्हणून तिचे रिव्हेट जुने आहेत की काल-परवाचे, तेही पाहावे.

यातल्या पुष्कळ गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून हिंदुस्थानात येत आणि इथे जोडल्या जात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा असा कारखाना १९२८ पासून होता. तो १९५४ साली बंद झाला. कॅनडाच्या फोर्ड चॅसींवर इथेच चिलखत चढवून लढाऊ गाड्याही केल्या गेल्या. टाटांच्या पोलादावरून त्यांना 'टाटानगर' म्हणत. म्हणजे साध्या मालगाडीसारख्या दिसणाऱ्या एखाद्या चॅसीवर एके काळी चिलखत असेल, आणि त्याची खूण म्हणून आज केवळ चार-दोन भोके उरली असतील. वेल्डर ती भोके 'सडका पत्रा' समजून बुजवतो. त्या वेल्डिंगच्या ठिणगीबरोबर गाडीची खरी जात जाते.

भोकांइतकीच गोष्ट रंगाची. जुन्या लॉरीवर रंगाचे थर साचलेले असतात. वर मालकाचा निळा-तांबडा, त्याखाली कोणा ठेकेदाराचा, त्याखाली सैन्याचा हिरवा किंवा मातकट. दाराच्या आतल्या बाजूला किंवा डॅशबोर्डाखाली रुपयाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून हलके हलके घासली, तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे हे थर एकाभोवती एक उघडे पडतात. पुढच्या बाजूला पिवळे वर्तुळ आणि त्यात काळा आकडा निघाला, तर ती गाडी कोणत्या पुलावरून जाऊ शकते याची खूण. तांबडा गरुड निघाला तर चौथी हिंदी डिव्हिजन, काळे मांजर निघाले तर सतरावी. संपूर्ण गाडीवर वाळूचा मारा केला, की दोन तासांत हे सगळे पुसले जाते. मग बाजारातला हिरवा रंग येतो आणि दारावर पांढरा तारा चढतो. हा तारा अमेरिकन गाड्यांवर आणि १९४४ नंतर युरोपच्या आघाडीवर लढलेल्या दोस्त सैन्याच्या गाड्यांवर शोभतो. आपल्या लॉरीने युरोप पाहिलाच नसेल, तर तो तारा म्हणजे दुसऱ्याच्या घराण्याचा शिक्का.

अक्षरांच्या बाबतीत आपण हैदराबादकरांनी तर विशेष जपले पाहिजे. आपल्याकडे गाडीवर 'झेड' दिसला, की हात आपोआप जोडले जातात. निजाम राज्याच्या रेल्वेने १५ जून १९३२ रोजी २७ बसगाड्यांनिशी मोटारखाते सुरू केले. त्या गाड्यांच्या नंबरातला 'झेड' हा सातव्या निजामाच्या मातोश्री जोहराबेगम यांच्या स्मरणार्थ, असे शहर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहे. ब्रिटिश युद्धखात्याच्या यादीत मात्र 'झेड' म्हणजे १५ हंड्रेडवेटपर्यंतची लहान मालगाडी. त्याहून मोठीला 'एल'. रंगाच्या थराखाली 'झेड' आणि पुढे आकडे सापडले, तर एक जण त्यात राजमातेचे नाव वाचील आणि दुसरा ओझ्याचे माप. कोणता 'झेड' हे थर कुठला, अक्षराची घडण कशी आणि आकडे किती यावरून ठरेल. भावनेवरून ठरणार नाही.

नावे प्रेमाने बदलतात, हे मलकपेठेला कोणी शिकवायला नको. निजामाच्या फौजेचा फ्रेंच सेनानी मस्य रेमाँ १७९८ साली वारला. त्याची कबर इथल्याच आसमानगडच्या टेकडीवर आहे. हिंदूंनी त्याला मूसा राम केले, मुसलमानांनी मूसा रहीम, आणि वस्तीचे नाव मूसारामबाग पडले. लोकांच्या जिभेवर हे शोभते. पण फलक लावून इतिहास सांगायचा झाला, की जिभेचे नाव आणि कागदाचे नाव वेगळे ठेवावे लागते.

खरा प्रश्न १९४८ चा आहे. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींच्या फौजा सोलापूर-नळदुर्गच्या रस्त्याने आत आल्या आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. त्या दिवसाला कोणी मुक्ती म्हणते, कोणी विलीनीकरण. आणि काही घरांत त्या दिवसांत गेलेल्या माणसांची नावे आजही हळू आवाजात घेतली जातात. अशा सालाची मुद्रा एखाद्या लॉरीच्या कपाळी उगाच मारणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. कॅनडाची गाडी आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. अशा गाड्या युद्धानंतर हिंदी सैन्याकडे होत्या. संस्थानी फौजाही त्याच युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने उतरल्या होत्या. आणि शिलकी गाड्यांच्या विक्रीतून कित्येक थेट व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या. कदाचित या लॉरीने आयुष्यभर भुईमुगाची पोतीच वाहिली असतील. त्यात कमीपणा कसला? जिने दुष्काळातही पोती पोहोचवली तिला गणवेश चढवल्याशिवाय मान मिळू नये, ही आपलीच दरिद्री समजूत आहे.

यावर मालकांचे म्हणणे मी ऐकले आहे. गंज थांबत नाही, पाऊस तोंडावर आहे, कारागिराची मजुरी रोज चढते. शोध घेत बसलो तर गाडी मातीत जाईल. यात तथ्य आहे. म्हणून गाडी कोरड्या जागी घ्यावी, खाली ठोकळे द्यावेत, पत्र्याला तेलाचा हात द्यावा. हे सगळे आज करावे. ओळख पटण्यासाठी वर्षे लागत नाहीत. एक वही, एक टेप, चांगले फोटो आणि पंधरा दिवसांची सबुरी एवढे पुरते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा, कुजलेला असला तरी. मागच्या मालकाकडे जुने नोंदणीपुस्तक मागावे. आणि राणीगंजात जुन्या सुट्या भागांवर आयुष्य काढलेली माणसे अजून भेटतात, त्यांना गाडी दाखवावी. कारण कागद उद्याही मिळेल, ती माणसे मिळतील असे नाही.

कायदाही आता याच बाजूने बोलू लागला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यात अट अशी, की वाहन मूळ रूपात राखलेले असावे. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. लष्करी मालगाडीला हे नियम कसे लागू होतात, ते ज्याने त्याने परिवहन कचेरीत विचारून घ्यावे. पण त्या अटीतला विचार सर्वांनाच लागू आहे. मूळ रूप कोणते हेच ठाऊक नसेल, तर ते राखणार कसे?

आपल्या शहरातल्या मोटारप्रेमी मंडळींना माझी एकच विनंती आहे. मेळाव्यात गाडी उभी कराल, तेव्हा तिच्याशेजारी रंगापूर्वीचे फोटो आणि ती वही ठेवा. वहीत तीन रकाने असू द्या: काय सिद्ध झाले, काय ऐकीव आहे आणि काय आम्ही नवीन बसवले. बक्षीस चकाकीला देता, ते त्या वहीलाही द्या. चकाकी दोन पावसाळ्यांत उतरते. वही नीट ठेवली, तर पुढच्या पिढीतला एखादा जाणकार ती उघडून आपण कुठे चुकलो हे सांगू शकेल. आणि आपल्या पश्चात आपली चूक दुरुस्त होण्याची सोय करून ठेवणे, यालाच मी जीर्णोद्धार म्हणतो.