उमेदवारीचा हिशेब

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला अनुभवी लेखापालाच्या हाताखाली जी उमेदवारी करावी लागते, तिचा कालावधी १ जुलै २०२३ पासून तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्यात आला. विद्यार्थ्याला सनद लवकर मिळेल म्हणून काहींनी या निर्णयाचे स्वागत केले. स्वस्तात मिळणारे मनुष्यबळ एका वर्षाने कमी झाले म्हणून काहींनी नाके मुरडली. त्या दोन वा तीन वर्षांत उमेदवार नेमके काय शिकला, त्याची नोंद कोण ठेवतो आणि त्या नोंदीवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. वस्तुतः मूळ प्रश्न तोच आहे, आणि रहिमतपूरसारख्या गावातून या व्यवसायाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला तो अधिक जाचतो.

उमेदवारीची कल्पना जुनी आहे. आडत पेढीवर दिवाणजीच्या शेजारी बसून किर्द-खतावणी शिकणाऱ्या मुलाला कोणी दाखला देत नसे. पेढीच्या मालकाचा शब्द हाच त्याचा दाखला. स्कॉटलंड-इंग्लंडात लेखापालांच्या सनदी संस्था स्थापन झाल्या, एडिंबरोची १८५४ साली आणि इंग्लंड-वेल्सची १८८० साली, तेव्हा या शब्दाची जागा लेखी कराराने घेतली. तेथे उमेदवार पाच वर्षे बांधला जाई. वेतन तर दूरच, उलट त्याच्या वडिलांनाच 'प्रीमियम' म्हणून रक्कम मोजावी लागे. आपल्याकडे मुंबई सरकारने १९१८ साली हिशेबशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली, तिच्याबरोबर उमेदवारीची अटही आली. पुढे १ जुलै १९४९ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था कायद्याने अस्तित्वात आली आणि उमेदवारी तिच्या नियमावलीत जाऊन बसली. पूर्वी उमेदवारास 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणत, आता 'आर्टिकल्ड असिस्टंट' म्हणतात. नाव बदलले, टेबल पुष्कळदा तेच राहिले.

कागदपत्रांत ही व्यवस्था चोख आहे. मधली परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि ज्याच्या हाताखाली शिकायचे तो लेखापाल, ज्याला या व्यवसायात 'प्रिन्सिपल' म्हणतात, यांच्यात नमुना १०२ नुसार करार होतो. उमेदवारी सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत नमुना १०३ संस्थेकडे जावा लागतो. आठवड्याला ३५ तास काम अपेक्षित असते. रोजच्या कामाची डायरी ठेवायची असते. अलीकडे ती संगणकावर भरण्याची सोय झाली आहे. मुदत संपली की नमुना १०८ वर प्रिन्सिपलची सही होते आणि उमेदवारी पुरी झाली असे ठरते. मध्येच कार्यालय बदलावयाचे तर ठराविक कारणे लागतात आणि बहुधा त्याच प्रिन्सिपलची संमतीही लागते.

या सर्व कागदांवर एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते, ती म्हणजे काळ. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा विद्यार्थी अमुक कार्यालयात होता. तो तेथे काय करीत होता, हे सिद्ध करणारा भाग अत्यंत दुबळा आहे. डायरीत 'ऑडिट' असा एक शब्द लिहिला की त्यात सर्व काही मावते. व्हाउचरवर टिचक्या मारण्यात गेलेला दिवस 'ऑडिट' असतो, आणि साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करून पुस्तकातील आकड्याशी तफावत शोधून काढली तो दिवसही 'ऑडिट'च. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे वर्षभर भरणाऱ्या मुलाच्या नोंदीत आणि ताळेबंदाची उभारणी शिकलेल्या मुलाच्या नोंदीत फरक दिसला नाही, तर ती नोंद ठेवून मिळवायचे काय?

याला एक आर्थिक बाजू आहे. उमेदवाराच्या श्रमाचा लाभ ज्याला होतो, त्याच्याच हातात त्याच्या शिक्षणाचा दाखला आहे. शिकवण्यात प्रिन्सिपलचा वेळ जातो. तेच ते काम करून घेण्यात त्याचा वेळ वाचतो. दाखला दोन्ही बाबतींत सारखाच मिळत असेल, तर शिकवणारा लेखापाल केवळ आपल्या सद्भावनेने शिकवतो, व्यवस्थेने त्याला त्याचे काही देणे लागत नाही. असे सद्भावी लेखापाल पुष्कळ आहेत, यात शंका नाही. पण एखादा व्यवसाय आपल्या पुढच्या पिढीचे शिक्षण निव्वळ सद्भावनेवर सोपवीत असेल, तर दुसऱ्यांच्या हिशेबांत अंतर्गत नियंत्रण नसल्याचा शेरा त्याने कोणत्या तोंडाने मारावा!

ज्या वस्तूचे मोजमाप होते, तिचेच उत्पादन वाढते. मोजमाप काळाचे झाले म्हणून बाजारात काळ विकला जाऊ लागला. 'डमी आर्टिकलशिप' हा शब्द आता वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. नाव एका कार्यालयात, विद्यार्थी दुसरीकडे शिकवणी वर्गात, आणि डायरी यथासांग भरलेली, असा हा व्यवहार. संस्थेच्या नियमांनुसार हे गैरवर्तन आहे आणि त्यासाठी कारवाई होऊ शकते. परंतु हा व्यवहार का फोफावतो, हे साध्या बेरजेवरून कळते. पदवीचा अभ्यास बरोबरीने करण्यास संस्थेची परवानगी लागते आणि महाविद्यालयाच्या तासिका व कार्यालयीन वेळ एकमेकांवर येऊ नयेत, अशी अट आजवर राहिली आहे. महाविद्यालय ७५ टक्के हजेरी मागते. कार्यालय ३५ तास मागते. अंतिम परीक्षेचा शिकवणी वर्ग सकाळ-संध्याकाळ मागतो. साताऱ्यास जाण्या-येण्याचा एसटीचा वेळ धरला, तर या बेरजेला आठवडा पुरत नाही. तीन हजेरीपटांपैकी एक तरी खोटा असल्यावाचून हे जमत नाही, आणि कोणता तो सर्वांना माहीत असते. महाविद्यालयांनीही या बाबतीत फार सोवळेपणा मिरवण्यात अर्थ नाही.

नव्या योजनेच्या बाजूने एक मुद्दा मान्य केला पाहिजे. पूर्वी उमेदवारीच्या अखेरच्या महिन्यांतच अंतिम परीक्षेस बसता येई, त्यामुळे तिसरे वर्ष अभ्यासाच्या रजेत विरून जाई. आता दोन वर्षांची उमेदवारी सलग करून मगच, सहा महिन्यांच्या अंतराने, परीक्षा द्यावयाची आहे. निर्वेध मिळालेली दोन वर्षे विस्कळीत तीन वर्षांपेक्षा मोलाची ठरू शकतात. पण ती खरोखर कामात गेली, हे दाखवणारी नोंद असेल तरच. मुदत कमी झाली की वाया गेलेला प्रत्येक महिना अधिक महाग होतो.

रहिमतपूरच्या विद्यार्थ्यापुढे वाटा मोजक्याच असतात. गावात किंवा कोरेगावात एखाद्या छोट्या कार्यालयात बसावे, साताऱ्यास रोज ये-जा करावी, कराड-सांगलीकडे जावे, नाहीतर पुण्यास खोली घेऊन राहावे. पुण्याचे आकर्षण स्वाभाविक आहे. मोठ्या कार्यालयाचे नाव दाखल्यावर आले की पुढे नोकरीस उपयोगी पडते. परंतु पुण्याच्या खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च विद्यावेतनातून भागत नाही. तो घरून यावा लागतो. शेतकऱ्याच्या वा कारकुनाच्या घरातून तो दोन वर्षे यावा, ही अपेक्षा लहान नव्हे. मुलीच्या बाबतीत तर हा निर्णय पुष्कळ घरांत खर्चाच्या आधीच दुसऱ्या कारणांनी होऊन जातो. गावाजवळ राहावे, तर किमान विद्यावेतनच कमी, कारण ती रक्कम गावाच्या लोकसंख्येवरून ठरवण्याची पद्धत नियमांत वर्षानुवर्षे चालत आली. लहान गावात राहण्याचा खर्च कमी, हे तिचे समर्थन. पण त्यातून लहान गावातली उमेदवारीच कमी किमतीची, असा अर्थ निघतो आणि विद्यार्थी तोच घेतो.

तो अर्थ चुकीचा आहे. लहान गावातल्या कार्यालयात येणारी कामे पाहावीत. हळद-आल्याचा व्यापारी, विविध कार्यकारी सेवा सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, कारखान्याचा ऊसतोडणी-वाहतूक ठेकेदार, शाळा चालवणारा न्यास. मोठ्या शहरातील उमेदवार एखाद्या कंपनीच्या एकाच विभागाची व्हाउचरे सहा महिने पाहत बसतो. येथला मुलगा संस्थेचा हिशेब पहिल्या पावतीपासून ताळेबंदापर्यंत पाहू शकतो. पतसंस्थेत सोनेतारणाची पाकिटे नोंदवहीशी ताडून पाहणे, ठेवीदारांकडून बाकीची खात्री करून घेणे, थकीत कर्ज नवे करून चालू दाखवले आहे काय याचा शोध घेणे, हे लेखापरीक्षणाचे खरे शिक्षण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या जिल्ह्यात 'कमवा आणि शिका' ही योजना उभी केली, त्या जिल्ह्याला हाताने केलेल्या कामाचे शैक्षणिक मोल पटवून द्यावे लागू नये.

शिवाय हे शिक्षण कच्चे राहिले, तर त्याची किंमत विद्यार्थ्याखेरीज इतरांनाही मोजावी लागते. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. त्यात दोष कोणाचा, हा येथील विषय नाही. परंतु बँकेच्या ठेवीदाराला निदान पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण होते. पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षणही नाही. निवृत्त शिक्षकाने आपला फंड पतसंस्थेत ठेवताना दारावरच्या फलकावर 'ऑडिट वर्ग अ' एवढे वाचलेले असते. ते अक्षर देणाऱ्या माणसाने कधीकाळी आपल्या उमेदवारीत पतसंस्थेचे दप्तर खरोखर उघडले होते की नाही, हे त्या शिक्षकाला कसे कळावे?

महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने हा प्रश्न अर्धा ओळखला आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या कायद्यात २०१३ साली जे बदल झाले, त्यांनुसार संस्थेला शासनाच्या नामतालिकेवरील लेखापरीक्षक निवडता येतो. त्या नामतालिकेसाठी सनदी लेखापालास सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान एक वर्षाचा, आणि सहकार व लेखा पदविकाधारक प्रमाणित लेखापरीक्षकास किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. दोघांनाही मराठीचे कामापुरते ज्ञान हवे. अट योग्यच आहे. पण येथेही वर्षेच मोजली आहेत. एका वर्षात तीन सोसायट्यांची दप्तरे पाहिली की तीसांची, कर्जखाती तपासली की केवळ तेरीज जुळवली, हे 'एक वर्ष' या शब्दांत कोठेच दिसत नाही.

परदेशांत याच अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न झाला आहे. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पाचव्या शिक्षण मानकात पूर्वी किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती. १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित मानकाने केवळ काळ मोजण्याऐवजी प्राप्त कौशल्य मोजण्याची, वा दोन्ही मोजण्याची मुभा दिली. ब्रिटनमधील एसीसीए ही संस्था ३६ महिन्यांचा अनुभव मागते. पण त्याबरोबर ठरवून दिलेली उद्दिष्टे आपण कोणत्या कामातून साधली, हे उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि त्यावर वरिष्ठाने सही करावी, असाही तिचा नियम आहे. तेथेही नकला होत असतील. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. तरी 'मी या खात्यात ही तफावत पाहिली, हा खुलासा मागितला, तो पटला नाही म्हणून अमुक कागद मागवला' असे लिहिणे हे 'ऑडिट' हा शब्द सातशे वेळा लिहिण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. खोटे लिहिण्यासाठीही काम समजावे लागते.

येथे हेच करण्यास कायदा बदलण्याची गरज नाही. प्रत्येक कामाची नोंद त्या कामानिशी व्हावी. अशिलाचे नाव गाळून संस्थेचा प्रकार, तपासलेला भाग, आढळलेली शंका आणि तिचा निकाल एवढे त्यात असावे, आणि सही मुदतीअखेर एकदम न होता काम संपताच व्हावी. साताऱ्यात आणि सांगलीत संस्थेच्या शाखा आहेत. त्यांनी दरवर्षी काही उमेदवारांना चिठ्ठ्या टाकून बोलवावे आणि त्यांच्याच नोंदीवर अर्धा तास प्रश्न विचारावेत. आपले नाव निघू शकते एवढी जाणीवही डायरीचा सूर बदलण्यास पुरेशी आहे. सहकारी संस्थांवर केलेल्या कामाची अशी नोंद सहकार खात्याने नामतालिकेच्या अर्जासोबत मागितली, तर रहिमतपूर-कोरेगावच्या छोट्या कार्यालयात घालवलेल्या दोन वर्षांना पुण्याच्या दाखल्यात नसलेले मोल येईल.

यावर छोट्या लेखापालाची तक्रार येईल, आणि ती गैरवाजवी नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर, त्याच सुमारास करविवरणांच्या मुदती, हाताखाली एक-दोन मुले आणि वर या नोंदी तपासून सह्या करण्याचे काम. मोठ्या कार्यालयाला यासाठी माणूस नेमता येतो, त्याला येत नाही. तेव्हा विद्यावेतनाचा काही भार आणि या देखरेखीचा मोबदला लहान गावांतील कार्यालयांपुरता तरी संस्थेने आपल्या निधीतून उचलावा. विद्यार्थ्यांकडून नोंदणी व परीक्षा शुल्क देशभर गोळा होतेच. त्यातला किती अंश त्यांच्या उमेदवारीच्या देखरेखीवर खर्च होतो, हा आकडा संस्थेच्या वार्षिक हिशेबात स्वतंत्रपणे दाखवण्यापासून सुरुवात करता येईल.