४८ अंशांचा विक्रम आणि ४६.८ अंशांचा हिशोब

मे महिना लागला की आपल्या अहमदाबादेत एक विषय हमखास निघतो: यंदा विक्रम मोडणार का? मग मोटारीच्या डॅशबोर्डवरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. कोणी ४९ दाखवतो, कोणी ५१. म्हणून आधी अधिकृत नोंद काय आहे ती पाहू.

२० मे २०१६ रोजी हवामान खात्याने शहरात ४८.० अंश सेल्सिअस कमाल तापमान नोंदवले. आजवरच्या नोंदींत तो विक्रम मानला जातो. त्याआधीचा विक्रम होता २७ मे १९१६ चा, ४७.८ अंशांचा. मध्ये शंभर वर्षे गेली, आणि फरक किती, तर दोन दशांश अंश.

या दोन आकड्यांवरून आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बघा, १९१६ मध्येही एवढेच ऊन होते, उगाच बाऊ करू नका." दुसरा म्हणतो, विक्रम मोडला म्हणजे आता शहर राहण्यालायक उरले नाही. माझ्या मते दोघेही एकाच दिवसाच्या आकड्याला नको तेवढा मान देतात. बँकेत काम केलेल्यांना हे चटकन पटेल. ३१ मार्चच्या ठेवी पाहून शाखेची प्रकृती कळत नाही, त्यासाठी वर्षभराची सरासरी शिल्लक पाहावी लागते. ३१ मार्चचा आकडा कसा 'उभा' राहतो, हे आम्हाला सांगायला नको!

शिवाय आकडा कुठे आणि कसा मोजला, हेही बघावे लागते. अधिकृत तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो, तापलेल्या पत्र्याचे नव्हे. मोटारीतला आकडा म्हणूनच कामाचा नाही. हवामान केंद्र आता विमानतळाच्या बाजूला आहे आणि विमानतळ १९३७ चा. तेव्हा १९१६ ची नोंद शहरातल्या दुसऱ्या एखाद्या जागेवरची असणार. जागा बदलली की दोन दशांशांच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ राहत नाही.

यंत्रेही चुकतात. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर तपासणीत तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ दाखवले, तेही सदोष ठरले.

मग पाहायचे काय? माझ्या दृष्टीने आपल्या शहराचा खरा आकडा २०१६ चा नाही, २०१० चा आहे. २१ मे २०१० ला पारा ४६.८ वर गेला. विक्रम झाला नाही, त्यामुळे तो दिवस फारसा कोणाच्या लक्षातही नाही. पण पुढे झालेल्या अभ्यासात महापालिकेच्या मृत्युनोंदी तपासल्या गेल्या. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३११८ मृत्यूंची होती. मे २०१० मध्ये मृत्यू झाले ४४६२, म्हणजे १३४४ जास्त. यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर 'उष्माघात' असा शब्दही नसणार. हृदय, मूत्रपिंड, ताप अशीच कारणे लिहिली जातात. उन्हाचा वाटा दिसतो तो एकूण बेरीज मांडल्यावर.

या बेरजेमुळेच २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती योजना सुरू केली. शहर पातळीवरची देशातली, किंबहुना दक्षिण आशियातली, ही पहिली. तिच्यात अवघड काही नाही. हवामानाचा अंदाज काही दिवस आधी मिळवायचा, ४१ च्या पुढे पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ पासून लाल इशारा द्यायचा, पाणपोया वाढवायच्या, दवाखान्यांत बर्फ आणि सलाइन तयार ठेवायचे, झोपडपट्टीतल्या पत्र्यांना पांढरा चुना फासायचा. शारदाबेन इस्पितळात नवजात बाळांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर उन्हाने आजारी पडून दाखल होणारी बाळे कमी झाली. योजनेमुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत, असा २०१४-१५ च्या आकड्यांवरचा अंदाज आहे. या अंदाजाच्या दोन टोकांत अंतर बरेच मोठे आहे. पण अगदी खालचे टोक धरले तरी शेकड्यांतला हिशोब आहे.

उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. तापमान होते सुमारे ३८. आपण अहमदाबादकर ३८ ला 'आज बरे आहे' म्हणतो. तिथे १४ माणसे गेली. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन् तास बसणे. आकड्याच्या जोडीला या गोष्टी आल्या की ३८ देखील पुरतात.

आपल्या घरांचाही विचार करा. पोळीतल्या जुन्या घरांना जाड भिंती होत्या, मधला चौक होता, रात्री हवा उतरायची. आता आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात आणि स्लॅब पहाटेपर्यंत तापलेला असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगातले पाणी आधीच कमी होते. त्यांना दुपारी आणि रात्री एकेक फोन करायला फारसा वेळ लागत नाही.

आणि आपल्या मुंजी. बटू अंगावर उपरणे घेऊन होमापुढे बसलेला, स्वयंपाकघरात आचारी, मांडवात आजी-आजोबा, आणि पंगत उठेपर्यंत तीन वाजलेले. मे महिन्यातले मुहूर्त शक्यतो सकाळी नऊच्या आतले घ्यावेत आणि लाल इशारा असेल त्या दिवशी हॉलची तारीख पैसे न कापता बदलून मिळावी, असा प्रस्ताव मी मंडळाच्या पुढच्या सभेत ठेवणार आहे. गुरुजींशी बोललो आहे. सकाळचे मुहूर्त निघतात, असे त्यांचे म्हणणे आहे.