जिओहॉटस्टार आणि गेम पास: कंपन्या एक झाल्या, आता रिचार्जचं काय?

2023 ची आयपीएल आठवा. जिओसिनेमावर सगळे सामने फुकट होते. मग हॉटस्टारनेही आशिया कप आणि वर्ल्ड कप मोबाइलवर फुकट दाखवला. पाटोद्यात असा नाहीतर उसाच्या फडावर, नेट असलं की झालं. यात दानधर्म काही नव्हता. रिलायन्सच्या व्हायकॉम18 ने आयपीएलचे पाच वर्षांचे डिजिटल हक्क 23,758 कोटींना घेतले होते आणि समोर डिस्नेचं हॉटस्टार होतं. दोघांच्या भांडणात आपली चंगळ झाली.

फेब्रुवारी 2024 मध्ये दोघांनी एकत्र यायचं जाहीर केलं. सौदा 70,352 कोटींचा. भारतीय स्पर्धा आयोगाला काळजी क्रिकेटची होती, कारण आयपीएल, आयसीसी आणि बीसीसीआयचे सामने एकाच घरात जात होते. ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली, पण अटींवर. त्यातली एक अशी की क्रिकेटच्या टीव्ही आणि ओटीटीवरच्या जाहिराती एकत्र बांधून विकायच्या नाहीत. म्हणजे जाहिरातदाराची सोय झाली. आपली? 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार आलं आणि त्या आयपीएलला तीन महिन्यांचे 149 रुपये, नाहीतर जिओचा किमान 299 चा रिचार्ज, असं गणित झालं.

गेमवाल्यांचं हेच नाटक आधी सुरू झालंय, आणि त्याचा पुढचा अंकही आपल्याला दिसतोय. मायक्रोसॉफ्टचा गेम पास आणि सोनीचं प्लेस्टेशन प्लस, दोन्हीकडे महिन्याचे पैसे भरा आणि शेकडो गेम खेळा. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने 68.7 अब्ज डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन घ्यायचं ठरवलं. कॉल ऑफ ड्यूटी त्यांचीच, कँडी क्रशसुद्धा. सोनी ओरडली की उद्या कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर येणारच नाही. अमेरिकेत सरकारी आयोग कोर्टात गेला. ब्रिटनच्या नियामकाने तर एप्रिल 2023 मध्ये सौदाच अडवला, आणि कारण दिलं क्लाउड गेमिंगचं.

क्लाउड गेमिंग म्हणजे गेम चालतो दूरच्या सर्व्हरवर, तुमच्या फोनवर फक्त त्याचा व्हिडिओ येतो आणि तुमचं बोट कुठे पडलं ते परत जातं. त्यामुळे साध्या फोनवरही जड गेम चालू शकतो. रेंज मात्र पक्की पाहिजे (इथेच आपलं घोडं अडतं).

शेवटी मायक्रोसॉफ्टने सोनीशी दहा वर्षांचा करार केला, क्लाउडचे हक्क युबिसॉफ्टला दिले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सौदा झाला. कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर आजही आहे. दिलेला शब्द पाळला. पण अमेरिकेत गेम पास अल्टिमेट महिन्याला 16.99 डॉलर होता, तो जुलै 2024 मध्ये 19.99 आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 29.99 झाला.

सगळा दोष विलीनीकरणावर ढकलणं मला पटत नाही. सोनीने एवढं मोठं कुणाला न गिळताच सप्टेंबर 2023 मध्ये प्लेस्टेशन प्लसची वर्षाची फी किमान 20 डॉलरने वाढवली होती. मैदानात दोघंच उरले की एकाने भाव वाढवला तरी दुसऱ्याला स्वस्त राहायची घाई नसते.

आपल्याकडचा पेच जास्त घट्ट आहे. सिम जिओचं, सामने जिओहॉटस्टारवर, आणि गेमिंगचे रिचार्ज पॅकही जिओ विकतं. झी आणि सोनीचं लग्न जानेवारी 2024 मध्ये मोडलं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीचा दुसरा गडी तयार झाला नाही. आयपीएलचे सध्याचे हक्क 2027 च्या हंगामापर्यंत आहेत. पुढच्या लिलावात रिलायन्ससमोर बोली लावायला कोण बसतं, तिकडे लक्ष ठेवा.