दूधपेढी हवी, पण आईला डावलून नको

‘बँकेत पैसे ठेवतात, रक्त ठेवतात. आता बाईचं दूधही ठेवणार का?’ आमच्या ब्रह्मपुरीकडे बायांच्या बैठकीत दूधपेढीचा विषय निघाला की आधी हसू पिकतं, मग कुणी नाक मुरडतं आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘कोणाच्या बाईचं दूध? कोणत्या जातीच्या?’ या तिन्ही गोष्टींवर चळवळीतल्या मैत्रिणींनी बोलायला हवं असं मला वाटतं.

दूधपेढी ही काही कालची टूम नाही. पहिली पेढी 1909 साली व्हिएन्ना शहरात निघाली. आशियातली पहिली पेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या सायन रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली. पालिकेच्या या रुग्णालयात येणाऱ्या बाया वस्तीतल्या, कष्टकरी. त्यांची कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं वरच्या दुधामुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावत होती. त्यांना आईचं नाही तर निदान बाईचं दूध मिळावं, हा त्यामागचा साधा विचार.

काम कसं चालतं? स्वतःचं बाळ पोटभर पिऊनही जिला दूध उरतं, तीच बाई राजीखुशीने देते. तिची लेखी संमती घेतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि गरमी या रोगांसाठी रक्त तपासतात. तंबाखू खाणाऱ्या बाईचं दूध घेत नाहीत. आमच्या भागात बायांच्या तोंडातही खर्रा असतो, तेव्हा हे मुद्दाम सांगते. हाताने किंवा पंपाने काढलेलं दूध एकत्र करून 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं तापवतात, झटकन गार करतात आणि उणे 20 अंशांवर गोठवतात. जंतू नाहीत असा अहवाल आल्यावरच ते बाळाला मिळतं, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, नळीने किंवा वाटी-चमच्याने. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं नाजूक असतं. डब्याच्या दुधाने ते सडण्याचा धोका वाढतो, बाईच्या दुधाने कमी होतो. बरं, अनेकींचं दूध एका भांड्यात मिसळलं की जात कुठे शोधणार? ज्या गावात पाणवठ्यावरून भांडणं झाली, तिथल्या बायांना हे भांडं मला आवर्जून दाखवावंसं वाटतं.

म्हणजे दूधपेढी चांगलीच. मग माझी हरकत कशाला?

हरकत पेढीला नाही, क्रम उलटा लावण्याला आहे. तापवलेल्या दुधातली रोगाशी लढणारी काही द्रव्यं नष्ट होतात. म्हणून बाळासाठी पहिलं दूध त्याच्या स्वतःच्या आईचं आणि ते नसेल तर पेढीचं. पण घडतं काय? ब्रह्मपुरीहून चंद्रपूर शंभर किलोमीटरहून दूर. नाजूक बाळ गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात जातं, सोबत बाप किंवा आजी जाते आणि ओली बाळंतीण मागे राहते. जिथे आई सोबत पोचते, तिथेही मी तिला काचेबाहेरच्या फरशीवर बसलेली पाहिली आहे. दूध मागणीवर येतं. दिवसातून सात-आठ वेळा काढलं नाही तर ते आटतं. मग सगळे म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ दोष बाईच्या अंगाचा!

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सांगितलं की कमी दिवसांचं बाळ जन्मल्याबरोबर आईच्या उरावर, उघड्या अंगाला लावून ठेवावं. त्याला मोठं यंत्र लागत नाही. आईला खाट, पोटभर जेवण आणि आत जायची मुभा लागते. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. अंगावर पाजणं, ऊब, जंतुसंसर्गावर वेळेत औषध. तिथले नवजात मृत्यू 60 टक्क्यांहून अधिक घटले, हे 1999 साली जगासमोर आलं. हे काम शीतपेटीने नाही, गावातल्या बायांनी केलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर तरी काय? आषाढ-श्रावणात रोवणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपान. बाई दिवसभर बांधीत वाकलेली, तान्हं घरी मोठ्या बहिणीजवळ. पगारी बायांची रजा 2017 साली 26 आठवडे झाली. रोजीवाल्या बाईला रजा कोण देणार? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला किमान 6000 रुपये कबूल केले. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 ठेवले, आणि दुसऱ्याला ती मुलगी असेल तरच मिळतात. रोवणीचा एक हंगाम घरी बसायलाही हे पुरत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. जिथे दुधाला मोल आलं, तिथे गरीब बाईचं बाळ उपाशी राहून दूध विकलं जाण्याची भीती आली. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना 1992 च्या कायद्याने बंदी घातली. बाईच्या दुधाचाही धंदा सुरू झाला होता. मे 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बजावलं, की अशा विक्रीला कायद्यात परवानगी नाही. ही बंदी कागदावर राहू नये, यावर आपली नजर हवी.

तेव्हा मागण्या काय कराव्यात? केंद्राच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन पायऱ्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी पूर्ण पेढी. त्याखाली आईचं दूध तिच्याच बाळासाठी काढून ठेवण्याची सोय. आणि जिथे जिथे बाळंतपण होतं, तिथे पाजायला मदत करणारी प्रशिक्षित बाई. फीत कापायला सगळे वरच्या पायरीवर येतात. आपण खालच्या दोन मागू या. बाळासोबत त्याच गाडीत आईला जागा आणि दवाखान्यात खाट व जेवण. रोजीवाल्या बाईला सहा महिन्यांची मजुरी. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर, आणि तेच रोवणीच्या दिवसांत गावातही. एवढं पदरात पडलं तर आमच्या कितीतरी बाळांना पेढीचं दूध लागणारच नाही, आणि ज्यांना लागेल त्यांच्यासाठी द्यायला बायांकडे दूध उरेल.