क्ष-किरण विभागाचे कंत्राट

सरकारी रुग्णालयांतील क्ष-किरण विभागांची गेल्या दशकात जी पुनर्रचना झाली, तिचे समर्थन बहुधा एकाच वाक्यात केले जाते: तज्ज्ञ मिळत नाहीत, म्हणून अहवाल बाहेरून घ्यावे लागतात. २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत निदान सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत याच्या दोन वाटा दाखविल्या होत्या. ग्रामीण रुग्णालयात काढलेली फिल्म संगणकावरून दूरच्या शहरातील तज्ज्ञाकडे पाठवून अहवाल मागवायचा, ही एक. जिल्हा रुग्णालयाच्या जागेत खाजगी कंपनीने सीटी स्कॅन यंत्र चालवायचे आणि सरकारने दर स्कॅनमागे पैसे मोजायचे, ही दुसरी. गरीब रुग्णाला पदरचा पैसा मोडावा लागत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. प्रश्न आहे तो या व्यवहारात सांडले काय, याचा.

क्ष-किरणाचा अहवाल म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारे तिकीट नव्हे. खडी क्रशरवर राबणारा मजूर खोकला आणि धाप घेऊन येतो. त्याच्या छातीच्या वरच्या भागात दिसणारे डाग क्षयाचे असू शकतात, दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचेही असू शकतात. पुष्कळदा दोन्ही रोग एकाच छातीत नांदतात. फरक कळायचा तर हा माणूस किती वर्षे आणि कोणत्या धुळीत उभा होता, हे फिल्म वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. पूर्वी जेथे विभागात तज्ज्ञ होता, तेथे रुग्णाला पाठविणारा डॉक्टर फिल्म घेऊन त्याच्याकडे जाई, प्रकाशपेटीपुढे दोघे उभे राहत आणि दोन वाक्यांत ही माहिती सांगितली जाई. आता ती अर्जातल्या एका ओळीत कोंबावी लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती ओळ ‘खोकला’ या एकाच शब्दावर आटोपते. उलट अहवालात शंका आली, तर फोन कोणाला करायचा हे डॉक्टरला माहीत नसते. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग आहे. तो कागदावर आला तर मजुराला नुकसानभरपाई मागता येते. नुसता ‘क्षय’ लिहिला गेला, तर क्रशरचा मालक मोकळा सुटतो.

तंत्रज्ञांची कथा याहून जुनी आहे. कायम तंत्रज्ञ निवृत्त झाला की पद रिकामे ठेवायचे, आणि पुढे ते रिकामे आहे हेच कंत्राटाचे कारण म्हणून दाखवायचे, ही युक्ती गिरणगावापासून नगरपालिकांपर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. बारमाही कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी घालण्याचा अधिकार १९७० च्या कायद्याने सरकारला दिला होता. पण बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरविले आणि त्या अधिकारातील जीवच गेला. क्ष-किरण विभागात याला आणखी एक पदर आहे. किरणोत्साराशी काम करणाऱ्याच्या छातीवर मापनाचा बिल्ला असतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा त्याच्या शरीरात जाता कामा नये. बिल्ला वेळेवर मोजणीला गेला नाही किंवा शिशाचा ॲप्रन फाटला, तर कायम कर्मचारी निदान भांडू शकतो. ज्याची नेमणूक दर अकरा महिन्यांनी कंत्राटदाराच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने कोणत्या बळावर भांडावे?

दर स्कॅनमागे पैसा, या हिशेबाचा काच डॉक्टरलाही लागतो. कंपनीचा नफा संख्येवर, आणि संख्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर. अनावश्यक स्कॅन टाळणारा डॉक्टर या व्यवस्थेत अडचणीचा ठरतो.

दूरवर फिल्म पाठविण्याच्या तंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. गडचिरोलीची फिल्म नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वाचली जाण्यात तांत्रिक अडचण कोणती? बीड जिल्ह्यातील फिल्म अंबाजोगाईला का जाऊ नये? तेथे अध्यापक आहेत. त्यांच्या जागा भराव्यात, फिल्म वाचणाऱ्याचे नाव आणि फोन अहवालावर छापावा, अर्जात व्यवसायाचा रकाना सक्तीचा करावा. यासाठी लागणारा पैसा आज कंत्राटाच्या बिलांत जातोच आहे.

जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी या कंत्राटांच्या प्रती माहिती अधिकारात मागवाव्यात. रात्री दोन वाजता डोक्याला मार लागलेला ऊसतोड कामगार आला, तर त्याचा स्कॅन कोण काढणार आणि किती वेळात वाचणार, हे कलम त्यांत आहे की नाही ते प्रथम पाहावे.