वर्गाविना अध्यापन

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयें सन १९२३ मध्यें स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशीं संलग्न आहेत. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीमुळें त्यांचीं दारें बंद झालीं, आणि फळ्यापुढें उभें राहून आयुष्य घालविलेल्या प्राध्यापकांस एकाएकीं मोबाईलच्या पडद्यापुढें बसावें लागलें. पूर्वतयारीस अवकाश मिळाला नाहीं. तरी त्यांनीं तें काम पत्करलें, हें भूषणावहच होय.

परंतु शिकविणें म्हणजे केवळ बोलणें नव्हे. वर्गांत विद्यार्थ्याच्या कपाळावरील आठी पाहून शिक्षक तोच मुद्दा दुसऱ्या रीतीनें सांगतो. पडद्यावर चेहऱ्यांऐवजीं नुसतीं नांवें दिसूं लागलीं. आपलें बोलणें कोणास समजलें, हें त्यास कळेना. शिवाय घरांत मोबाईल एक आणि शिकणारीं भावंडें दोन, त्यांत रानालगतच्या गांवीं रेंज नाहीं, अशा घरचा विद्यार्थी गैरहजर राही. हा आळस कीं निरुपाय, हें हजेरीपट सांगत नाहीं. पुढें ऑक्टोबर २०२० मध्यें विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही ऑनलाइनच झाल्या.

हें साधन टाकाऊ आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. वैनगंगेच्या पुरांत पूल बुडाला म्हणजे नावेचा आधार घ्यावा लागतो. पण पाणी ओसरल्यावर कोणी पूल मोडीत नाहीं. पुन्हा तसा प्रसंग आल्यास, व्याख्यानास आरंभ करण्यापूर्वीं आज कोण आलें नाहीं व कां, हें शोधण्याची व्यवस्था आधीं व्हावी. राहिलेला धडा मागाहून भरून काढतां येतो; सुटलेला विद्यार्थी परत येईलच, असें नाहीं.