शिकून आलेल्या पोराला जागा द्या



गळीत हंगाम आटोपला की गट ऑफिसातली वर्दळ कमी होते आणि दोन शब्द बोलायला सवड मिळते. अशा बोलण्यात हल्ली बेणे आणि पाणीपाळी यांच्या जोडीला एक नवा विषय निघतो. आपल्या कार्यक्षेत्रातील मुले-मुली परदेशी शिकायला चालली आहेत. कोणी ऊस बिलावर विसंबून कर्ज काढले, कोणी जमिनीचा तुकडा तारण ठेवला. पोराला विमानात बसवून आलेला बाप चार ठिकाणी छाती काढून सांगतो, आणि ते योग्यच आहे. आमचा परदेशी शिक्षणाला विरोध नाही. परंतु मुलाला पाठवायचे कसे याचा आपण जेवढा विचार करतो, तेवढा तो परत आल्यावर त्याचे काय, याचा करीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचा दाखला आठवावा. १९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वडील त्याच वर्षी वारले होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. त्या शिष्यवृत्तीतच त्यांना तिकडचा खर्च भागवायचा होता आणि इकडे घरीही पैसे पाठवायचे होते. वसतिगृहाचे जेवण सुरुवातीला मानवले नाही. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते एका खोलीत राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके खरेदी केली. तीन वर्षांत एकट्या अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम पुरे केले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तेथील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. ती जाणीव बडोदा स्टेशनवर उतरताच परत आली. कराराप्रमाणे नोकरीला हजर व्हायचे, पण राहायचे कोठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि जागा सोडायला लावली. एका हिंदू मित्राला विचारले, एका ख्रिस्ती मित्राला विचारले. दोघांनीही काही ना काही कारण सांगून घरात घेतले नाही. शेवटी रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते बागेत बसून राहिले आणि मुंबईला निघून गेले.

करार दहा वर्षांचा होता. बडोद्यात ते टिकले जेमतेम अकरा दिवस. करार विद्यार्थ्याने मोडला नाही. महाराजांनी पैसा दिला, मन मोठे केले; पण शहराने खोली दिली नाही आणि कचेरीने माणूस म्हणून वागवले नाही.

बडोद्याचे नुकसान काय झाले, तेही पहा. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमीन नुसत्या एकरांवरून लहान की मोठी हे ठरवता येत नाही. तिच्यावर लागणारे भांडवल, अवजारे आणि मनुष्यबळ यांच्या प्रमाणात ती लहान-मोठी ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवर माणसांचा भार जास्त झाला आहे, तो हलका करायला उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. दीड एकरात आडसाली लावणाऱ्या आणि घरातले चौघे त्याच दीड एकराकडे बघत बसणाऱ्या आपल्या सभासदाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या विद्येची शेतकऱ्याला गरज होती, ती विद्या घेऊन माणूस दारात आला होता. दाराने त्याला परत पाठवले. पुढे प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण १९२३ पर्यंत पुरे केले.

"साहेब, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली," असे कोणी म्हणेल. भाड्याने खोली देताना आडनाव विचारायचे आजही थांबलेले नाही, हे ज्याने त्याने मनाशी कबूल करावे. आणि आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो.

आपल्या एका गटातील सभासदाचा मुलगा नेदरलँड्समध्ये जमिनीतील पाण्याच्या निचऱ्याचे शिक्षण घेऊन परत आला. त्या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. निचरा कसा करायचा हे त्यांनी नाही शिकवायचे तर कोणी? पहिले काही महिने मुलाने दूध-ब्रेडवर काढले, सुट्टीला हॉटेलात भांडी घासली आणि घरी फोनवर मात्र "सगळं झकास आहे" एवढेच सांगितले. तेथील प्राध्यापक प्रत्येक गोष्टीला "मोजलं का?" असे विचारीत, हे त्याने आम्हास हसत हसत सांगितले.

आपल्याकडे पाटपाण्याच्या अतिवापराने खारवट-चोपण झालेली राने किती आहेत, हे सभासदांना माहीत आहे. तो मुलगा शेतकी ऑफिसात आला. आपल्या शिवाराचे माती परीक्षणाचे जुने अहवाल पाहायला द्या आणि सच्छिद्र पाईप टाकून वीस गुंठ्यांवर प्रयोग करू द्या, एवढेच त्याचे मागणे होते. आम्ही म्हणालो, "अर्ज ठेवून जा." अर्ज फायलीत राहिला. गावात त्याला जो तो विचारी, "काय रे, तिकडं जमलं नाही का?" सहा महिन्यांनी तो पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला लागला. रान आहे तसे पांढरे पडलेले आहे.

ही चूक गावाची आहे, त्याहून जास्त आमची आहे. आम्ही कृषी पदविकेपुरते शिकलेले. आपल्यापेक्षा जास्त शिकलेला पोरगा समोर बसला की मन थोडे आखडते, हे खोटे कशाला बोलावे?

आपण लागणीला बेणेप्रक्रिया करतो, खताचा डोस देतो, रोज फेरी मारतो. ऊस तुटला की खोडव्याकडे पाठ फिरवतो आणि उतारा पडला म्हणून खोडव्यालाच नावे ठेवतो. शिक्षणाचेही आपण तेच चालवले आहे.

म्हणून आमच्या सूचना अशा. एक, जमीन तारण ठेवण्यापूर्वी शिष्यवृत्त्यांची चौकशी करा. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. दोन, परत आलेल्या मुला-मुलीला गटाच्या मेळाव्यात बोलवा. पगार विचारू नका, काय शिकलास ते विचारा. मग तो सभासदाचा असो की तोडणी मजुराचा. तीन, अशा प्रयोगासाठी वीस गुंठे आणि दोन हंगाम द्या. एका हंगामात निकाल मागू नका. जुने अहवाल दाखवण्याची जबाबदारी आमची. फायलीतला तो अर्ज आम्ही बाहेर काढला आहे आणि त्या मुलाला फोनही केला आहे.

तो येईल की नाही, सांगता येत नाही. आला तर त्याला बसायला खुर्ची आणि प्रयोगाला रान तयार असले पाहिजे. चोपण रान असलेल्या ज्या सभासदाची वीस गुंठे द्यायची तयारी असेल, त्याने लागणीच्या नोंदी सुरू होण्यापूर्वी गट ऑफिसात नाव द्यावे.